गीझरची कॉइल वारंवार जळते तेव्हा: नवी कॉइल बसवण्यापूर्वी शोधायची कारणे

गीझरची कॉइल जळाली, इलेक्ट्रिशियनने नवी बसवली, पाणी पुन्हा तापू लागले आणि काही महिन्यांत तीच कॉइल परत जळाली, ही तक्रार बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांतून सतत ऐकू येते. अशा वेळी कॉइल हलक्या प्रतीची होती, असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात आणि पुढच्या खेपेला थोडी महाग कॉइल घेतली जाते. क्वचित तो निष्कर्ष खराही असतो. परंतु दुसरी आणि तिसरी कॉइलही त्याच वाटेने गेली असेल, तर दोष कॉइलमध्ये नसून तिच्या भोवतालच्या पाण्यात, टाकीत, थर्मोस्टॅटमध्ये (ठरवलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागात) किंवा नळजोडणीत आहे, असे धरूनच तपासणी केली पाहिजे. हे लेखन प्रामुख्याने १५ ते २५ लिटरच्या, भिंतीवर बसवलेल्या, २३० व्होल्टवर चालणाऱ्या आणि २००० वॅटची कॉइल असलेल्या साठवणुकीच्या गीझरविषयी आहे, कारण आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत तोच असतो.

तपासणीला हात घालण्यापूर्वी गीझरचा एमसीबी (वीजपेटीतला, प्रवाह फार वाढल्यास आपोआप पडणारा स्विच) बंद करावा आणि प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा. बाथरूमबाहेरचे बटण बंद केले म्हणजे वीज तुटली, असे कधीही गृहीत धरू नये. अनेक जुन्या घरांत ते बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असते आणि बटण बंद असतानाही कॉइलपर्यंत फेज पोहोचलेला असतो. नळाला किंवा शॉवरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पुढची सगळी तपासणी बाजूला ठेवून गीझर वापरणे त्याच क्षणी थांबवावे आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ओल्या अंगाने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला बसणारा धक्का जीवघेणा असतो, आणि गीझर बरा चालतो आहे म्हणून या झिणझिण्यांकडे आठवडेच्या आठवडे दुर्लक्ष करणारी घरे आजही आहेत, याची खरोखर चिंता वाटते.

जळालेली कॉइल काय सांगते

इलेक्ट्रिशियन जुनी कॉइल काढून घेऊन जाऊ लागला, तर ती त्याला नेऊ देऊ नये. वारंवार होणाऱ्या बिघाडाचा सर्वांत चांगला पुरावा तीच असते. कॉइल म्हणजे तांब्याची किंवा निकेल, लोह आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची पोकळ नळी असते. तिच्या मधोमध तापणारी तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली भुकटी भरलेली असते. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज बाहेर जाऊ देत नाही. नळी कुठे आणि कशी फुटली आहे, यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

नळीवर पांढरट किंवा तपकिरी रंगाचा जाड, खडबडीत थर चढला असेल आणि त्या थराखाली नळी फुगून फाटली असेल, तर कारण पाण्यातील क्षार हे आहे. नळीवर फारसा थर नाही, पण ती काळीनिळी पडली आहे, वाकली आहे किंवा एकाच ठिकाणी वितळल्यासारखी दिसते आहे, तर ती पाण्याविना तापली असली पाहिजे. नळी शाबूत आहे, परंतु वरच्या बाजूला तारा जोडण्याचे स्क्रू आणि त्यांच्या भोवतीचे प्लॅस्टिक करपले आहे, तर तारांची जोडणी सैल होती आणि कॉइलचा त्यात दोष नाही. नळीला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडली असतील आणि त्यांच्या कडेला हिरवट डाग असतील, तर तांबे गंजले आहे. हे चित्र क्षारांचा थर नसलेल्या, पण आम्लधर्मी किंवा खाऱ्या पाण्यात आढळते. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या भागातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, तर किनाऱ्याजवळच्या काही विहिरींत खारे पाणी शिरलेले असते. त्यामुळे देशावरच्या घरातील उपाय तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

नळी पूर्णपणे स्वच्छ आणि अखंड दिसत असेल, तर मल्टिमीटरने तिचा रोध मोजावा. २३० व्होल्ट आणि २००० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे २६ ओहम येतो, आणि ३००० वॅटच्या कॉइलचा सुमारे साडेसतरा ओहम. एवढा आकडा मिळाला, तर आतली तार तुटलेली नाही आणि बिघाड थर्मोस्टॅट, कटआउट (पाणी अति तापल्यास वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) किंवा तारांमध्ये शोधायला हवा. ही साधी मोजणी न करता चांगली कॉइल फेकून दिल्याची उदाहरणे कमी नाहीत.

क्षारांचे कारण आणि त्याचा हिशेब

बोअरवेलचे पाणी बेसाल्टच्या भेगांमधून झिरपत येते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणते. पुण्याच्या ज्या भागात खडकवासला धरणाचे पाणी नळाने येते तिथे हा त्रास तुलनेने कमी असतो, तर शहराच्या सीमेवरच्या ज्या सोसायट्या बोअरवेल आणि टँकर यांवर अवलंबून आहेत तिथे तो नित्याचा होतो. धरणाच्या पाण्याची सवय असलेले कुटुंब अशा सोसायटीत राहायला गेले, की पूर्वी वर्षानुवर्षे चाललेला तोच गीझर अचानक बिघडू लागतो आणि घरच्यांना त्याचे कारण उमगत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम अशी दिली आहे. म्हणजे पिण्यासाठी चालणारे पाणीसुद्धा गीझरसाठी चांगलेच त्रासदायक असू शकते.

प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे उत्तम. ती होईपर्यंत घरातल्या खुणा पुरेशा बोलक्या असतात. साबणाला फेस येत नाही, केस धुतल्यावर राठ होतात, तूरडाळ नेहमीपेक्षा उशिरा शिजते, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते आणि स्टीलच्या भांड्यांवर वाळल्यानंतर डाग उरतात. यांपैकी दोनतीन खुणा एकत्र दिसत असतील, तर गीझरमध्ये काय चालले असेल याबद्दल शंका ठेवण्याचे कारण नाही.

पाणी थंड असताना कॅल्शियम बायकार्बोनेट त्यात विरघळलेले राहते. पाणी तापले, की त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट अविद्राव्य रूपात मागे उरते. शिवाय कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता तापमान वाढल्यावर कमी होते, म्हणून ते टाकीतल्या सर्वांत तप्त पृष्ठभागावर, म्हणजे थेट कॉइलच्या नळीवर, जमते. एका घरात रोज ६० लिटर पाणी गीझरमधून जाते आणि त्यातील दर लिटरमागे फक्त ५० मिलिग्रॅम क्षार आत बसतो, असे धरले, तरी दिवसाला ३ ग्रॅम आणि वर्षाला जवळपास १ किलो १०० ग्रॅम खडा, म्हणजे घट्ट झालेला क्षार, टाकीत साठतो. फ्लँज (कॉइल जिच्यावर बसवलेली असते ती टाकीच्या तळाची धातूची चकती) उघडल्यावर बाहेर पडणारा पांढरा चुरा पाहून लोक थक्क होतात, पण हिशेब इतका सरळ आहे.

या थरामुळे पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धवट खरे आहे. कॉइल पाण्यात बुडालेली असल्यामुळे तिच्यात निर्माण झालेली उष्णता शेवटी पाण्यातच जाते आणि २००० वॅटची कॉइल २००० वॅटच देत राहते. खरे नुकसान वेगळे आहे. क्षाराचा थर उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे तेवढीच उष्णता बाहेर ढकलण्यासाठी नळीला कितीतरी अधिक तापावे लागते. थर वाढतो तसे नळीचे तापमान वाढते, आतली तार तिच्याहूनही अधिक तापते, आणि एके दिवशी तार तुटते किंवा नळी फाटते. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती सुटू लागली, की गीझरमधून खदखदल्यासारखा किंवा तडतडल्यासारखा आवाज येतो. हा आवाज आला, की कॉइल जळण्याची वाट न पाहता टाकी उघडून साफ करावी. कॉइल वाचवण्याची ती शेवटची सोयीची वेळ असते.

थर्मोस्टॅट ७५ अंशांवर ठेवून नंतर बादलीत थंड पाणी मिसळण्याची सवय अनेक घरांत आहे. ६० अंशांच्या पुढे क्षार जमण्याचा वेग झपाट्याने वाढतो, म्हणून कठीण पाणी असलेल्या घरात थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवणे योग्य. त्याहून फार खाली, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, ठेवून पाणी दिवसेंदिवस साठवू नये, कारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात.

साफसफाई कशी करावी

वीज तोडल्यावर गरम पाण्याचा नळ सोडून टाकी थंड होऊ द्यावी. मग गीझरचा आत येणारा कॉक बंद करावा, निळ्या खुणेची आत येणारी जोडनळी सोडवावी आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा, म्हणजे वरून हवा शिरून टाकी रिकामी होईल. इनलेटवर, म्हणजे पाणी आत येण्याच्या तोंडावर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) असलेला सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढल्यास पाणी बाहेर सोडणारी झडप) असेल, तर त्याची कळ उचलल्याशिवाय किंवा तो काढल्याशिवाय पाणी उतरत नाही. यानंतर खालचे झाकण काढून तारांच्या जागांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, तारा सोडवाव्यात आणि फ्लँजचे नट काढून कॉइल, ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी) व थर्मोस्टॅटची नळी असलेला संपूर्ण संच खाली घ्यावा.

टाकीतला खडा हाताने आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने सैल करून पाण्याच्या धारेने बाहेर काढावा. टाकीला आतून काचेसारखा लेप असेल, तर स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये, कारण लेपाला पडलेली बारीकशी चीर हीच पुढे गंजाची सुरुवात ठरते. कॉइलवरचा थर काढण्यासाठी किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड पुरते. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून कॉइल त्यात ठेवली, की फेस येऊ लागतो आणि दोनतीन तासांत थर मऊ होऊन सुटतो. ॲनोड रॉड त्याआधी काढून ठेवावा, कारण मॅग्नेशियमची आम्लाशी क्रिया होऊन तो विनाकारण झिजतो. तारा जोडण्याची टोके मात्र द्रावणात अजिबात बुडू देऊ नयेत. तिथून आत गेलेला ओलावा मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत शोषला जातो आणि मग उत्तम साफ झालेली कॉइल करंट मारू लागते.

बाथरूमच्या फरश्या धुण्याचे ॲसिड गीझरमध्ये घालण्याचा उपाय काही कारागीर सांगतात. तो करू नये. हायड्रोक्लोरिक ॲसिड खडा झटक्यात विरघळवते हे खरे, पण लेपाच्या सूक्ष्म छिद्रांतून ते पोलादापर्यंत पोहोचते आणि तांब्याच्या नळीलाही सोडत नाही. कोणतेही आम्ल ब्लीचिंगच्या द्रावणाजवळ आणू नये, कारण त्या दोहोंच्या संयोगातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो प्राणघातक ठरू शकतो.

संच परत बसवताना गॅस्केट (फ्लँज आणि टाकी यांच्यामधले रबरी कडे) नवीनच वापरावे. जुने गॅस्केट दाबले गेलेले असते, आणि त्यातून झिरपणारे थेंब थेट थर्मोस्टॅटच्या जोडण्यांवर पडतात. नट एकाच बाजूने आवळत न जाता समोरासमोरचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. तारा घट्ट बसल्या आहेत याची खात्री करून मग पाण्याचा कॉक उघडावा आणि गरम पाण्याच्या नळातून हवा जाऊन अखंड धार येईपर्यंत थांबावे. धार येण्यापूर्वी वीज चालू केली, तर नवी कॉइल काही क्षणांत जळते. दुरुस्तीनंतर पहिल्याच दिवशी जळालेल्या कॉइलमागे बहुतेक वेळा हीच घाई असते.

कॉइल पाण्याविना तापत असेल तर

नेहमीच्या जोडणीत गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून, आत उभ्या असलेल्या नळीवाटे बाहेर येते. त्यामुळे सोसायटीचे पाणी गेले, तरी टाकी भरलेली राहते आणि कॉइल बुडालेली असते. ही सुरक्षा दोन कारणांनी मोडते. पहिले म्हणजे प्लंबरने येणारी आणि जाणारी जोडनळी उलटी लावलेली असणे. मग नळ उघडल्यावर पाणी टाकीच्या तळातून बाहेर येते, पुरवठा बंद असताना टाकी हळूहळू रिकामी होऊ शकते, आणि एरवी गरम पाणी लवकर संपल्याचीही तक्रार राहते. दुसरे कारण म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसणे किंवा त्यात खडा अडकून तो उघडा राहणे. गच्चीवरची टाकी रिकामी झाली, खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला आणि आपल्याकडचा गरम पाण्याचा नळ उघडा राहिला, की वरच्या मजल्यावरच्या गीझरमधले पाणी आल्या वाटेने उतरते. टाकी अशी रिकामी झालेली असताना गीझरचे बटण चालूच राहिले असेल, तर कॉइल वाचत नाही.

म्हणून पाणीकपातीच्या दिवसांत एक नियम घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः ज्येष्ठांना आणि मुलांना, सांगून ठेवावा: नळाला धार नसेल, तर बटण लावायचे नाही. उभ्या बनावटीचा गीझर जागा नाही म्हणून माळ्यावर आडवा बसवला असेल, तरीही वरच्या भागात हवा अडकून कॉइलचा काही भाग उघडा राहतो. अशा जागेसाठी आडव्या बनावटीचाच गीझर घ्यावा लागतो. जोडणीत फेरफार करून हा दोष जात नाही.

थर्मोस्टॅट, कटआउट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह

कॉइल बदलताना जुना थर्मोस्टॅट तसाच ठेवण्याची पद्धत आहे आणि पैसे वाचतात म्हणून ती सगळ्यांनाच पसंत असते. परंतु थर्मोस्टॅटची नळी क्षाराच्या थरात गाडली गेली असेल, तर तिला पाण्याचे तापमान उशिरा कळते आणि पाणी उकळीपर्यंत जाते. उलट खडा कॉइल आणि ती नळी यांच्यामध्ये पुलासारखा साठला असेल, तर कॉइलची उष्णता थेट थर्मोस्टॅटला लागून तो लवकर बंद होतो आणि पाणी कोमटच राहते. एकाच खड्याचे हे दोन परस्परविरोधी परिणाम असल्यामुळे निदान चुकते.

पाणी वारंवार अति तापले, की कटआउट तुटतो, म्हणजे वीज तोडून बंद पडतो. पुष्कळ गीझरमध्ये तो हाताने दाबून पुन्हा चालू करावा लागतो. दर दोनचार दिवसांनी कटआउट तुटत असेल, तर त्याचा अर्थ थर्मोस्टॅट आपले काम करत नाही असा आहे. अशा वेळी काही इलेक्ट्रिशियन कटआउटच्या दोन्ही तारा एकत्र जोडून तो वगळून टाकतात आणि गीझर पुन्हा चालू लागल्याचे समाधान देऊन जातात. हे काम कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नये. त्याच गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्हही क्षारांनी बसलेला असेल, तर बंद टाकीत दाब वाढत राहतो आणि टाकी फुटू शकते. बाथरूममध्ये त्या वेळी घरातले कोणीतरी असते, हे दुरुस्ती करणाऱ्याने आणि करवून घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडेसे ठिबकणे हा दोष नसतो. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापले, की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते, म्हणजे १५ लिटरच्या टाकीत पाव लिटरच्या जवळपास वाढीव पाणी तयार होते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ते मागे जाऊ देत नाही, म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. ही गळती समजून त्या तोंडाला बूच मारणे धोक्याचे आहे. तिथे एक पातळ नळी लावून ती जमिनीवरच्या जाळीपर्यंत न्यावी. गीझर बंद आणि थंड असतानाही पाणी ठिबकत असेल, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये खडा अडकला आहे किंवा पुरवठ्याचा दाब जास्त आहे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब वाढतो. म्हणून उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप असलेल्या घरात ८ बार दाब सहन करणारा गीझरच बसवावा.

आरसीसीबी पडत असेल तर

एमसीबी न पडता ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर वीज कुठेतरी अर्थिंगकडे गळते आहे. कॉइलच्या नळीला बारीक चीर पडून आतली भुकटी ओली झाली, की असे होते. साधा मल्टिमीटर ही गळती कित्येकदा दाखवत नाही. इलेक्ट्रिशियनकडे ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज लावून वीजरोधन तपासणारे उपकरण) असेल, तर कॉइलचे टोक आणि धातूची फ्लँज यांच्यामधला रोध मोजून घ्यावा. तो १ मेगाओहमपेक्षा कमी असेल, तर ती कॉइल बाद समजावी. पावसाळ्यात बंद राहिलेल्या घरातल्या कॉइलच्या टोकांशी दमटपणा शिरूनही आरसीसीबी पडतो. ती कॉइल काढून नीट वाळवल्यावर मोजणी सुधारली, तर बदलण्याची गरज नसते.

आरसीसीबी सतत पडतो म्हणून तो काढून टाकणे किंवा गीझरची तार त्याला वगळून जोडणे, ही मी पाहिलेली सर्वांत धोकादायक दुरुस्ती आहे. अर्थिंगही तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या पिनेच्या मागे तारच नसते.

पाणी तापायला वेळ लागतो म्हणून मोठ्या वॅटची कॉइल मागणाऱ्यांनी आधी व्होल्टेज मोजावे. १५ लिटर पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत नेण्यास २००० वॅटच्या कॉइलला सुमारे २१ मिनिटे लागतात. व्होल्टेज १८० पर्यंत उतरले, तर तीच कॉइल जेमतेम १२०० वॅट देते आणि ३४ मिनिटांच्या आसपास घेते. ग्रामीण फीडरवर (वीजवाहिनीवर) हे नेहमी घडते आणि त्यात गीझरचा काहीही दोष नसतो. याउलट व्होल्टेज २६० पर्यंत चढले, तर कॉइलवर २५०० वॅटहून अधिक भार येतो आणि आधीच क्षार चढलेली नळी त्या दिवसांत हमखास जाते. प्लग, सॉकेट किंवा स्विच काळे पडले असतील, तर तेही बदलावेत. २००० वॅटचा गीझर ८.७ ॲम्पिअर एवढा प्रवाह सलग ओढतो, म्हणून तो १६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर आणि किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेवरच चालवावा.

ॲनोड रॉड आणि सॉफ्टनर

मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजतो आणि टाकी गंजण्यापासून वाचवतो. त्याची मधली तार उघडी पडली, की तो बदलायचा असतो, आणि कठीण पाण्याच्या घरात वर्षातून एकदा तरी हे पाहिले पाहिजे. कॉइल बदलायला आलेला कारागीर तो बहुतेक वेळा पाहतच नाही. त्याची किंमत टाकीच्या तुलनेत नगण्य असते, म्हणून टाकी उघडलीच आहे तर नवा रॉड घालूनच ती बंद करावी.

संपूर्ण घरासाठी सॉफ्टनर (कठीण पाणी मृदू करणारे यंत्र) बसवायचा असेल, तर मिठाने पुनरुज्जीवित होणाऱ्या रेझिनचा घ्यावा. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे कॉइलवर खडा धरणे जवळजवळ थांबते. मात्र पाण्यातील एकूण विरघळलेले घटक त्याने कमी होत नाहीत, आणि अशा पाण्यात ॲनोड रॉड लवकर झिजतो, म्हणून तो सहा महिन्यांनी पाहावा. नळीवर नुसते चुंबक बांधण्याच्या उपकरणांवर खर्च करण्याचा सल्ला मी देणार नाही. तेवढ्या पैशांत कित्येक वर्षांची साफसफाई होते.

लोणावळा, कर्जत किंवा अलिबाग भागातल्या बंगल्यांत जकुझी (हवेचे बुडबुडे सोडणारा गरम पाण्याचा टब) असते आणि तिचा हीटरही याच कारणाने जातो. तिथले पाणी ४० अंशांपलीकडे नेत नाहीत, तरी हवेच्या बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइड सतत उडून जातो, पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि क्षार हीटरच्या नळीवर बसतो. सामू ७.२ ते ७.८ आणि कॅल्शियमचा कठीणपणा लिटरला १५० ते २५० मिलिग्रॅम यांच्या दरम्यान राखला, तर हीटर टिकतो. हीटर चालूच होत नसेल, तर प्रथम फिल्टर काढून धुवावा, कारण फिल्टर तुंबल्यावर प्रवाह कमी होतो आणि प्रवाह ओळखणारा स्विच हीटरला रोखतो. तो स्विच वगळून हीटर चालवला, तर नळी कोरडी तापून जळते.

गीझर कधी बदलावा

गॅस्केटमधून किंवा जोडनळीतून होणारी गळती दुरुस्त होते. प्रत्यक्ष टाकीच्या पत्र्यातून किंवा तिच्या सांध्यातून पाणी येत असेल, तर कॉइल, थर्मोस्टॅट किंवा वेल्डिंग यांवर खर्च करू नये. दाबाखालच्या गंजलेल्या टाकीवरचे वेल्डिंग आतला लेप जाळते आणि गंज आणखी पसरवते. गरम पाण्यात तांबूस गढूळपणा येत असेल आणि थंड पाणी मात्र स्वच्छ असेल, तर टाकी आतून गंजू लागली आहे, असे समजून नव्या गीझरची तयारी ठेवावी.

नवा घेताना तो आयएस २०८२ या मानकाचे चिन्ह असलेला पाहावा आणि दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: कॉइल कोणत्या धातूची आहे, फ्लँज उघडून साफसफाई करता येते का, आणि ॲनोड रॉड व गॅस्केट सुटे मिळतात का. कठीण पाण्यासाठी तांब्यापेक्षा निकेल मिश्रधातूची कॉइल बरी, कारण ती अधिक तापमान सहन करते. तेवढ्याच वॅटची, पण लांबीने मोठी कॉइल मिळाली, तर तिच्या पृष्ठभागाचे तापमान कमी राहते आणि खडा सावकाश धरतो. हमीपत्रात पाण्याच्या कठीणपणाची अट असते, आणि ती ओलांडणाऱ्या पाण्यामुळे जळालेली कॉइल हमीत बसत नाही. म्हणून ती अट खरेदीपूर्वीच वाचावी आणि पाणीतपासणीचा अहवाल जवळ ठेवावा. बसवताना गीझरच्या खाली फ्लँज काढून कॉइल सरळ उतरवता येईल एवढी मोकळी जागा सोडायला सांगावे. ही जागा नसली, तर पुढच्या प्रत्येक साफसफाईसाठी अख्खा गीझर भिंतीवरून उतरवावा लागतो.